ट्रकमधली केबिन

(दृश्य: पालीची यात्रा. भंडाऱ्याने पिवळी झालेली हवा, गर्दीच्या वर तंबूचं टोक.)

पौषात पालीला खंडोबाचं लग्न लागतं. त्याआधी मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा झालेली असते. सातारा जिल्ह्यातल्या अशा जत्रांमध्ये पाळणे, मिठाईची दुकानं, तमाशाचे फड यांच्या ओळीत वर्षानुवर्षं टुरिंग टॉकीजचा, म्हणजे गावोगाव फिरणाऱ्या सिनेमाचा तंबू लागत आला. एका टोकाला पडदा, मध्ये जमिनीवर बसलेलं पब्लिक, आणि दुसऱ्या टोकाला पाठ तंबूकडे करून उभा केलेला ट्रक.

प्रोजेक्टर त्या ट्रकच्या हौद्यात. ही गोष्ट हौद्यातल्या त्या प्रोजेक्टरच्या केबिनची, आणि तिथे जुन्या मशीनबरोबर दिवस काढणाऱ्या ऑपरेटरांची.

दिवाळी झाली की ट्रक निघायचा, तो पाऊस तोंडावर येईपर्यंत गावोगाव फिरायचा. तेवढे महिने ऑपरेटरचा संसार हौद्यातच. मशीन बोल्टांनी कसलेलं, त्याला लागून आवाजाचा ॲम्प्लिफायर आणि दिव्याला वीज पुरवणारा रेक्टिफायर, पायाशी रिळांच्या पेट्या, उरलेल्या जागेत वळकटी. मशीन सहसा वापरलेलंच यायचं. शहरातल्या टॉकीजने झेनॉनचा नवा लॅम्प घेतला, की तिथलं कार्बनच्या कांड्यांच्या उजेडावर चालणारं जुनं मशीन तालुक्याला उतरायचं, आणि तिथेही नकोसं झालं की तंबूत. म्हणजे ऑपरेटरच्या हाती पडेपर्यंत त्याचं निम्मं आयुष्य सरलेलं असायचं. पुढचं निम्मं त्याने रेटायचं.

(दृश्य: प्रोजेक्टरचं गेट उघडं. फिल्मचा लूप, म्हणजे सैल सोडलेलं वळण, बोटाने नीट करणारा हात.)

प्रोजेक्टर धडधडत पळतो असं बाहेरून वाटतं, पण त्याची सगळी करामत थांबण्यात आहे. गेटपाशी, म्हणजे फिल्म जिथे उजेडासमोर येते तिथे, ती सेकंदाला २४ वेळा थांबते. एक चित्र क्षणभर स्थिर उभं राहतं, मग पुढचं सरकून जागेवर येतं, आणि ते सरकत असताना शटर उजेड झाकून टाकतं. हे घडवून आणतो माल्टीज क्रॉस, चार खाचांचा एक पोलादी तुकडा. शेजारच्या चकतीवरची पिन खाचेत शिरते, क्रॉसला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. क्रॉसच्याच दांड्यावर फिल्म ओढणारं १६ दात्यांचं चाक, म्हणजे स्प्रॉकेट असतं. पाव फेऱ्यात ४ दाते सरकतात, आणि ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका चित्राच्या कडेला भोकंही ४ असतात. अडीच तासांच्या सिनेमात हा पाव फेरा २ लाख १६ हजार वेळा होतो. जत्रेत रात्रभर खेळ चालले, तर हिशेब कुठे जातो बघा.

इतक्या फेऱ्यांनी खाच केसभर झिजते आणि चित्र पडद्यावर थरथरू लागतं. स्प्रॉकेटचे दाते एका अंगाने झिजून हुकासारखे वाकडे होतात आणि फिल्मची भोकं फाडतात. नवा पार्ट मिळत नाही. मग स्प्रॉकेट काढायचं, उलटं फिरवून बसवायचं, म्हणजे दात्यांची कोरी बाजू कामाला लागते. तीही झिजली की बंद पडलेल्या एखाद्या टॉकीजचं मशीन शोधायचं, नाहीतर लेथवाल्याला नमुना देऊन नवं घडवून घ्यायचं. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९१८च्या सुमारास सिनेमाचा कॅमेराच स्वतः घडवला होता. तंबूतल्या ऑपरेटरची लेथवाल्याकडची खेप मला त्याच परंपरेतली वाटते, आणि हे मी पूर्ण आदराने म्हणतो.

उजेडाची तऱ्हा निराळी. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मध्ये थोडी फट, आणि त्या फटीत पेटलेला विजेचा आर्क. कांड्या जळत जातात तशी फट वाढते, आणि पडदा पिवळा पडू लागतो. ऑपरेटर काळ्या काचेतून बघत कांड्या जवळ आणत राहतो. कांडीवरचं तांबं वितळून लॅम्पहाऊसच्या, म्हणजे दिव्याच्या पेटीच्या तळाशी थेंब थेंब साठतं. कांड्यांचे उरलेले तुकडे कुणी टाकत नाही. ते जोडून आणखी एखादं रीळ चालवता येतं.

सगळ्यात मोठा वैरी धूळ. पालीत तर धुळीबरोबर भंडाराही उडतो, आणि तो बारीक पिवळा थर मशीनवर बसल्यावाचून राहत नाही. फिल्मवरचा लेप घासून निघतो, त्यात ही धूळ मिसळते, आणि गेटच्या पट्टीवर एक कडक कण तयार होतो. डोळ्याला जेमतेम दिसणारा तो कण अख्ख्या रिळावर उभी रेघ ओढत जातो. अशा रेघा साठल्या की पडद्यावर पाऊस पडतो. म्हणून रीळ लावण्याआधी दात घासायच्या ब्रशने गेट साफ करायचं. चिकटून बसलेलं लाकडाच्या काडीने खरवडायचं. लोखंड चुकूनही लावायचं नाही, कारण पट्टीवर चरा पडला तर तो पुढच्या प्रत्येक प्रिंटवर, म्हणजे सिनेमाच्या प्रतीवर उमटतो.

तंबूपर्यंत येणारी प्रिंट आधीच गावोगाव चालून थकलेली. ती तुटायची. तुटली की दोन-चार चित्रं कापून, टेप लावून पुन्हा चालू. आवाजाची पट्टी गेटच्या खाली, साधारण २० चित्रं पुढे वाचली जाते. त्यामुळे जोड गेटमधून जाताना चित्र उडी मारतं, आणि आवाज जेमतेम सेकंदभर मागेच रेंगाळतो. पब्लिक ओरडतं. ऑपरेटरचा कान तेव्हा पब्लिककडे नसतो, मशीनकडे असतो. लूप सुटल्याचं त्याला पडद्याआधी आवाजावरून कळतं.

शहरातल्या टॉकीजमध्ये दोन मशीन असायची. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला की एकावरून दुसऱ्यावर जायचं. एकाच मशीनच्या तंबूत ती सोय नव्हती. हजार फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं, दोन जोडली तर २२. मग दिवे लागतात, शेंगदाणेवाला फिरतो, आणि हौद्यात एक माणूस घाईघाईने पुढचं रीळ ओवत असतो.

(दृश्य: भंगाराच्या दुकानात आडवा पडलेला प्रोजेक्टर.)

२०१३-१४ पर्यंत नव्या सिनेमांच्या प्रिंट येणं जवळजवळ थांबलं. तंबूतही डिजिटल प्रोजेक्टर आले. खेळ आता मध्ये थांबत नाही, पडद्यावर पाऊसही पडत नाही, आणि प्रेक्षकाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. पण जुनी मशीन किलोच्या भावाने गेली, अजूनही जातायत, आणि ते मला सहन होत नाही. तंबूचं आपल्या सिनेमाशी नातं जुनं आहे. पहिला भारतीय बोलपट १९३१ साली इंपीरियल कंपनीने काढला. त्या कंपनीत अर्देशिर इराणींचे भागीदार असलेले अब्दुलअली युसुफअली यांनी धंद्याची सुरुवात तंबूतच केली होती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून प्रिंट जपतंय. प्रिंट स्कॅन करता येतात हे खरं, पण त्या पडद्यावर चालवायच्या तर चालतं गेट हवं, दाते शाबूत असलेलं स्प्रॉकेट हवं, आणि लूप किती ठेवायचा हे ठाऊक असलेला हात हवा.

तो हात आज म्हातारा झालाय. इंटरमिटंटचा, म्हणजे क्रॉस आणि पिनचा डबा उघडून पिनची बैठक बोटाने जोखणं, तिला हलायला किती जागा ठेवायची ते ठरवणं, हे कुठल्या पुस्तकावरून जमत नाही. अशा ऑपरेटरकडून मशीन पूर्ण खोलून, पुन्हा जोडून घ्यायला आणि ते चित्रित करायला एखादा दिवस पुरतो. तुमच्या गावात बंद टॉकीज असेल, एखाद्या तंबूवाल्याचा ट्रक अंगणात उभा असेल, तर मालकाशी बोला. मशीन द्यायचंच असेल तर निदान क्रॉस, स्प्रॉकेट, गेट आणि लेन्स आधी काढून बाजूला ठेवायला सांगा.