केगमधून बाटलीत: सायडर आणि मीडमधला वायू कसा टिकवावा

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत घरी पिण्यापुरती वाइन करण्यास संघीय कायद्याची मुभा आहे. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत, मात्र विक्रीसाठी नाही. सफरचंदाचे सायडर आणि मधाचे मीड याच सवलतीत येतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही. म्हणून आजचे बोलणे मुख्यतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसाठी आहे.

केगमध्ये, म्हणजे दाबाखाली पेय साठवायच्या धातूच्या पिंपात, 3 अंश सेल्सिअसला सुमारे 12 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाखाली राहिलेल्या सायडरमध्ये लिटरमागे साधारण 5 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. थंडी आणि दाब या दोनच गोष्टी त्याला धरून ठेवतात. त्यामुळे उघड्या, कोमट बाटलीत जोराने ओतलेले पेय क्षणात फेसाळते आणि त्या फेसाबरोबर आपण जपलेला वायूही निघून जातो. म्हणून निर्जंतुक केलेल्या बाटल्याही केगइतक्याच थंड असाव्यात, केगमधला दाब पेय जेमतेम वाहील इतका उतरवावा आणि नळी थेट बाटलीच्या तळाशी टेकवून सावकाश भरावे. बाटलीतली हवा आधी कार्बन डायऑक्साइडने हुसकावून लावणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण सफरचंदाचा नाजूक सुगंध प्राणवायूपुढे टिकत नाही.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे समदाबाचे भरणयंत्र. त्यात बाटलीतला दाब आधी केगइतका केला जातो आणि मग तो हळूहळू सोडत पेय आत घेतले जाते, त्यामुळे वायूला सुटण्याचे कारणच उरत नाही. बिअरचा फेस धान्यातील प्रथिनांमुळे टिकून राहतो आणि त्यावरच झाकण बसवता येते. सायडरचा फेस मात्र पाहता पाहता बसतो, म्हणून झाकण लावणारा दुसरा माणूस शेजारी तयार असावा.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. गोडीसाठी मध किंवा रस घातला असेल आणि यीस्ट जिवंत असेल, तर उबेत बाटली पुन्हा आंबू लागते. लिटरमागे 10 ग्रॅम साखर आंबली, तर आणखी सुमारे 5 ग्रॅम वायू तयार होतो, म्हणजे बाटलीतला वायू दुप्पट होतो, आणि साधी काच फुटून माणूस जखमी होऊ शकतो. हे टाळण्यासाठी घातले जाणारे पोटॅशियम सॉर्बेट हे परिरक्षक यीस्टला मारत नाही, केवळ त्याची वाढ रोखते. म्हणून ते पेय पूर्ण नितळ झाल्यावर, सल्फाइट या दुसऱ्या परिरक्षकाच्या जोडीनेच घालावे आणि तरीही गोड बाटल्या फ्रिजमध्येच ठेवाव्यात. बिनफेसाच्या वाइनच्या बाटल्या या कामासाठी कधीही वापरू नयेत. शॅम्पेनच्या जाड बाटल्या उत्तम. मात्र युरोपीय बाटल्यांना बहुधा 29 मिलिमीटरचे झाकण लागते, तर अमेरिकी बाटल्यांना बहुधा 26 चे, तेव्हा झाकणे घेण्यापूर्वी बाटलीचे तोंड मोजून घ्यावे.