पंचमधे जोर येत नाही? हात सोड, टाच बघ

काय मंडळी, आज परत तोच विषय, बॉक्सिंगचा पंच, कारण मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच, दादा पंचमधे पॉवर येत नाही, बायसेप वाढवू का. नको रे बाबा. बायसेप हात दुमडायला असतो आणि पंच मारताना हात सरळ करायचा असतो, विषय संपला.

बेसिक पटापट. उजव्या हाताचे असाल तर डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे सैल, हनुवटी खाली, हात गालाशी. मनगट सरळ, आणि पंचिंग बॅगला लागायला पाहिजेत पहिल्या दोन बोटांचे सांधे. हे सगळ्यांना येतं.

येत नाही ती मागच्या पायाची टाच. तुम्ही म्हणाल, फिरवतो की आम्ही. फिरवता, पण हात पोचल्यावर! आधी हात जातो, मग काहीतरी राहिलं असं आठवल्यासारखी टाच फिरते, रीलमधे झकास दिसतं आणि बॅग जागची हलत नाही. मागच्या चवड्याने जमीन ढकल, टाच बाहेर, मग कंबर, मग खांदा, मूठ सगळ्यात शेवटी.

आपण बडोद्याचे ना, मग गरबा आठवा. गिरकी घेताना टाच उचलते, चवड्यावर फिरतो, कंबर जाते आणि हात आपोआप मागून येतो. हात आधी फेकलात तर पुढच्या काकूंच्या आंबाड्यात जाईल. नऊ रात्री हे बरोबर जमतं आणि बॅगसमोर आलं की पाय फेविकॉलने चिकटवल्यासारखे, का ते मला अजून कळलं नाहीये.

नाही पटत? भिंतीशी जा. उजवी मूठ भिंतीला लाव, हात जवळजवळ सरळ, टाच जमिनीवर टेकवून ढकल. सगळा ताण खांद्यावर येतो. आता टाच उचलून बाहेर फिरव, कंबर आत घाल आणि परत ढकल. आता भिंत आणि जमीन यांच्यामधे तू आहेस, नुसता हात नाही. मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमधे स्वतःला शूट कर, आणि मूठ आधी हलली की टाच एवढंच बघ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा लाजून डिलीट केलं.

मी स्वतः दोन वर्षं नुसत्या हाताने मारत होतो, वर पट्टी न बांधता, मनगट लचकलं ते वेगळंच. डोळे उघडले ते आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात. माझा एक मित्र मुद्गल, म्हणजे व्यायामाचा तो जड लाकडी सोटा, फिरवतो, त्याचे उस्ताद त्याला ओरडत होते, हाताने फक्त धर, फिरव कमरेने! मी बाजूला चहा पीत होतो, हातातला कप तसाच राहिला.

अजून एक कमेंट, दादा मी 58 किलोचा, माझ्यात कुठून येणार जोर. अरे, 1919 मधे बॉक्सर जॅक डेम्प्सी साधारण 85 किलोचा आणि समोर जेस विलार्ड 111 च्या आसपास, साडेसहा फूट. पहिल्याच राउंडमधे सात वेळा खाली पाडला. डेम्प्सी पुढे पाऊल टाकताना अख्खं अंग त्या पंचमागे टाकायचा. आता लगेच तू 85 वाल्याला शोधू नकोस, पण तुझे 58 च्या 58 तरी वापर, सध्या हाताचे तीनेक किलो वापरतोयस.

आणि ते डंबेल घेऊन हवेत पंच मारणारे, हात जोडतो. डंबेलचं वजन खाली ओढतं, पंच जातो समोर, खांदा मात्र कामातून जातो. मूठसुद्धा सुरुवातीपासून आवळू नका, वाटेत सैल, लागताना घट्ट, तेव्हाच नाकातून फुस्स.

आज 30 मारा, अर्ध्या वेगाने, टाच आधी. आणि गच्चीवर अनवाणी नको, चवडा सोलतो, हा बघा माझा.