जेमी, जरा शोध बरं!

जानेवारी २०२२. अमेरिकन पॉडकास्टर जो रोगन याच्यासमोर ऑस्ट्रेलियन सूत्रसंचालक जॉश झेप्स बसलाय. विषय मायोकार्डायटिसचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूंना येणाऱ्या सुजेचा. रोगनचं म्हणणं, तरुण मुलांना लशीचा धोका जास्त. झेप्स म्हणतो, उलट आहे, कोविडचा जास्त. निर्माता जेमी व्हर्नन तिथल्या तिथे शोधतो, आणि माहिती निघते झेप्सच्या बाजूची.

रोगन मूळचा स्टँड-अप कॉमेडियन, यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींचा समालोचक. पॉडकास्ट २००९ पासूनचा. २०२० मध्ये स्पॉटिफायशी करार झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, निवडणूक दोन आठवड्यांच्या आत आली असताना, डोनाल्ड ट्रम्प इथे जवळजवळ तीन तास बोलले. ‘मी काही डॉक्टर नाही’ हे रोगनने २०२१ मध्येच सांगून टाकलं होतं. कॉमेडी क्लबात तेवढं पुरतं. इथे नाही.

कारण पडताळणीची सोय त्याच्याकडे आहेच. ती चालते मात्र यजमानाला शंका आली तरच. पाहुणा त्याच्याच मनातलं बोलला, की कोण शोधणार?

डिसेंबर २०२१ मध्ये कोविड लशींवर टीका करणारे डॉ. रॉबर्ट मलोन येऊन गेले. डॉक्टर-प्राध्यापकांसह २७० जणांनी चुकीच्या माहितीबद्दल स्पॉटिफायला खुलं पत्र लिहिलं, गायक नील यंगने तिथून आपली गाणी काढून घेतली. रोगनने कबूल केलं, की वादग्रस्त पाहुण्यानंतर वेगळ्या मताचा तज्ज्ञ आणीन. ऐकायला बरं. पण पहिला भाग ऐकणारा दुसरा ऐकेलच कशावरून? मिनिटभराची क्लिप तर एकटीच फिरते.

काम रेकॉर्डिंगच्या आधी सुरू व्हायला हवं. पाहुण्याचे मुख्य तीन-चार दावे, त्यामागच्या शोधनिबंधांसह, दोन दिवस आधी मागवायचे. त्या विषयातल्या माणसाकडून तपासून घ्यायचे, आणि रेकॉर्डिंगला त्यालाच बसवायचं. स्वतःचा माइक आणि मध्येच थांबवायची मुभा देऊन. नुसता बसवला तर तो भिडेखातर गप्प राहतो.

चूक नंतर सापडली, तर ऑडिओ फाइल बदलता येते. आधीच डाउनलोड केलेल्यांकडे मात्र जुनीच राहते. म्हणून दुरुस्ती पुढच्या भागाच्या सुरुवातीला, यजमानाच्याच आवाजात. यूट्यूबवर त्याच लिंकखाली व्हिडिओ बदलता येत नाही. तेवढा तुकडा कापायचा, वर्णनात मिनिट-सेकंदासह चूक लिहायची आणि आपल्या चॅनेलवरची ती क्लिप काढून टाकायची, तिला कितीही व्ह्यूज असोत.