फिल्मच्या कडेला

(पहाट. रामकुंड. ओल्या पायऱ्या, धुणं आपटण्याचा आवाज.)

नाशिकचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. "गंगेवर जाऊन येतो," म्हणतो. या गंगेच्या गावात १९१३ सालच्या ऑक्टोबरमध्ये मुंबईहून एक बिऱ्हाड आलं. बिऱ्हाडात बायको होती, मुलं होती, नटमंडळी होती आणि इंग्लंडहून आणलेला विल्यमसन कंपनीचा कॅमेरा होता. ज्या 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटामुळे हे सगळं उभं राहिलं, तो मुंबईत लागून जेमतेम पाच महिने झाले होते.

(त्र्यंबकेश्वर. ब्रह्मगिरीवर ढग. कुशावर्ताचं पाणी.)

बिऱ्हाडाचा कर्ता माणूस इथलाच. धुंडिराज गोविंद फाळके, जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७०. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि घर मुंबईला गेलं. मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याचं कलाभवन. तिथे चित्रकला शिकला, फोटोग्राफी शिकला, छपाईची अंगं शिकला. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. त्या गावात प्लेग आला आणि पहिली बायको आणि मूल दोघंही गेली.

(जुन्या लिथो दगडाचा क्लोजअप. शाईचा रूळ फिरतो.)

नंतर पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी. ती सोडून फोटोलिथोचं काम, राजा रविवर्म्याच्या छापखान्यासाठीसुद्धा. मग लोणावळ्याला स्वतःचा छापखाना. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ मध्ये जर्मनी गाठली. ज्या काळी घराघरांत देवादिकांच्या तसबिरी पहिल्यांदा भिंतीवर चढत होत्या, त्या काळी हा माणूस त्या तसबिरी छापण्याच्या धंद्यात होता. राम कसा दिसतो, कृष्ण कसा दिसतो, हे लोकांच्या डोळ्यांत बसत होतं ते या छापील कागदांवरून. फाळक्यांचा सिनेमा बघताना हे विसरून चालत नाही. भागीदारांशी पटेना म्हणून छापखाना सुटला, आणि चाळिशी ओलांडलेला माणूस घरी बसला.

त्या रिकाम्या दिवसांत मुंबईच्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि यांच्या मनात राम आणि कृष्ण चालायला लागले. दुसऱ्या खेळाला ते बायकोला घेऊन गेले.

(काळा पडदा. फक्त आवाज: यंत्राची टकटक.)

ही बायको म्हणजे सरस्वतीबाई. आमची ही फिल्म त्यांच्यासाठी आहे, हे आत्ताच सांगून टाकते.

दादासाहेबांना आपण पहिले दिग्दर्शक म्हणतो, जनक म्हणतो. पण त्या दिवसांत रोज सकाळी उठून त्यांना जे करावं लागत होतं ते निर्मात्याचं काम होतं. पैसा आणायचा, सामान आणायचं, माणसं जमवायची, ती टिकवायची, त्यांना जेवू घालायचं. यातलं निम्म्याहून जास्त काम ज्या घरात होत होतं, ते घर बाई चालवत होत्या.

पैशाचंच बघा. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ मध्ये लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ या इंग्रज चित्रपटनिर्मात्याच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहिलं, कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन दोन महिन्यांच्या आत परतले. कॅमेरा आला, पण चित्रपटाला पैसे कोण देणार?

(खिडकीतली कुंडी. वाटाण्याचा कोवळा वेल, दिवसागणिक घेतलेली चित्रं.)

तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडी थोडी चित्रं घेतली. महिनाभरानंतर ती पट्टी चालवली तर मिनिटाभरात माती फुटून अंकूर वर आला, पानं उलगडली, वेल चढला. ही आमच्या खिडकीतली कुंडी आहे. आम्हीही पेरला आणि एकतीस दिवस थांबलो. कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही, कुंडी कुणी सरकवायची नाही, लहान मुलांच्या घरात हे किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. फाळक्यांनी ती पट्टी सावकारांना दाखवली आणि पैसा उभा राहिला. उरलेला सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून.

(अंधार. हात दिसतात, फक्त हात. फिल्मची पट्टी बोटांतून सरकते.)

आता हे नीट बघा. फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रं असतात. त्यात कॅमेऱ्याचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. आज ही छिद्रं कारखान्यातच पडतात. तेव्हा परदेशातून येणारी कच्ची फिल्म कोरी असायची. छिद्रं पाडायची घरी, हाताच्या यंत्रावर. फिल्मला उजेड लागला की ती गेलीच, म्हणून हे सगळं अंधारात.

एका चौकटीला एका बाजूला चार छिद्रं, दोन्ही बाजू धरल्या की आठ. एका फुटात सोळा चौकटी. 'राजा हरिश्चंद्र' साधारण ३,७०० फुटांचा. म्हणजे पडद्यावर आला तेवढ्याच लांबीला पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रं. यंत्राच्या एका दाबात काही छिद्रं एकदम पडत असतील, तरी ही मोजणी छोटी होत नाही. शिवाय चुकलेले तुकडे वेगळे, आणि प्रत्येक नवी प्रत काढायची तर तिची फिल्म वेगळी. छिद्र केसभर सरकलं तर पडद्यावर राजा हरिश्चंद्र थरथरणार.

हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्याची रसायनं त्या मिसळत. चित्रीकरणात ऊन परतवायला पांढरी चादर धरून त्या उभ्या राहत. आणि दिवसभर राबून आलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांचाच. अंधाऱ्या खोलीतून थेट चुलीपाशी.

(दादरच्या रस्त्याचं जुनं छायाचित्र. त्यावरून कॅमेरा हळू सरकतो.)

पहिल्या चित्रपटाच्या वेळी हे घर दादरला होतं. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक तोंड फिरवत, म्हणून नटांना सांगितलेलं असायचं, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत म्हणा. तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना. ती ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांनी केली. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

(गोदाघाट. नारोशंकराचं देऊळ. मग पांडवलेण्यांची चढण, खाली महामार्ग.)

आणि मग नाशिक. का नाशिक, ते ही चित्रंच सांगतात. घाट, कुंड, हेमाडपंती देवळं, चिरेबंदी वाडे, तासाभरावर डोंगर. पौराणिक चित्रपट काढणाऱ्याला दुसरं काय लागतं? नेपथ्य बांधायचा निम्मा खर्च गावानेच वाचवला. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी भूमिका केल्या, पडद्यावर अखेर बायका आल्या. 'सत्यवान सावित्री' झाला. १९१४ मध्ये तिन्ही चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथे राहून काम करण्याची बोलणी झाली, त्यांनी नाही म्हटलं. भांडवल, माणसं, गोष्टी सगळं इथलं असलेला स्वदेशी धंदा त्यांना इथेच उभा करायचा होता. परतले तोवर महायुद्ध पेटलं होतं आणि सावकारांनी हात आखडले होते. त्यातूनही १९१७ मध्ये 'लंकादहन' आला. राम आणि सीता, दोन्ही साळुंकेच. त्याच्या कमाईची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असं आजही सांगतात.

(फाळके फिल्मची पट्टी डोळ्यांसमोर धरून पाहतात. चित्र थांबतं.)

चित्रपट कसा तयार होतो, हे दाखवणारी एक छोटी फिल्मही त्यांनी केली. पट्टी उजेडाला धरून बघणारे फाळके सगळ्यांच्या ओळखीचे. या चौकटीत ते एकटे आहेत.

१ जानेवारी १९१८ रोजी भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. मतभेद झाले, फाळके सगळं सोडून काशीला गेले, १९२२ मध्ये परत आले. बोलपट आले. १९३७ चा 'गंगावतरण' शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच ते गेले. १९६९ पासून त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

(फाळके स्मारकाचं फाटक. सहलीला आलेली शाळकरी मुलं.)

पांडवलेण्यांच्या पायथ्याला दादासाहेबांचं स्मारक आहे. तिथे सहलीला आलेल्या एका मुलीला आम्ही विचारलं, सरस्वतीबाई कोण? तिने आमच्याकडे बघितलं, मग शाळेच्या बाईंकडे बघितलं.

(पडदा. मूकपट. आवाज बंद.)

हा 'कालिया मर्दन', १९१९. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं करणाऱ्या पी. के. नायर यांनी तिथे जे वाचवलं त्यातला. सुरुवातीच्या पाटीवर लिहिलंय: सात वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरच्या भावांचा अभ्यास. ही मुलगी मंदाकिनी, दादासाहेबांची आणि सरस्वतीबाईंची. अजून कृष्णाचा वेश चढलेला नाही. ती हसते, रागावते, घाबरते.

आम्ही आता बोलत नाही. हिच्याकडे बघा.