मॉर्फिया : कातडी घट्ट होते तेव्हा

पोटावरचा हा चट्टा जवळून पाहा. मधला भाग हस्तिदंतासारखा पिवळसर पांढरा, गुळगुळीत, चकचकीत. त्यावर लव उरलेली नाही. आता अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कातडी उचलून बघू. शेजारची सहज उचलली जाते, इथली चिमटीत येतच नाही. भोवतीची जांभळट कडा सांगते, की चट्टा अजून पसरतो आहे. सावळ्या अंगावर मात्र ही कडा नीट दिसत नाही, नुसता काळपट डाग वाटतो. म्हणून आपल्याकडे डोळ्यांइतकाच बोटांवर भरवसा ठेवावा लागतो.

हा मॉर्फिया, म्हणजे एका जागेपुरता राहणारा स्क्लेरोडर्मा (कातडी घट्ट होण्याचा आजार). नाव शोधून घाबरलेले रुग्ण नेहमी येतात, कारण त्याच नावाचा दुसरा आजार फुप्फुसांपर्यंत पोहोचतो. त्यात थंडीने बोटे पांढरी-निळी पडतात, बोटांची कातडी आवळते. मॉर्फियात ही लक्षणे नसतात. कोडाची आणि कुष्ठरोगाची शंकाही घरोघरी घेतली जाते. कोडात रंग जातो, पण कातडी मऊच राहते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळेनासा होतो, मॉर्फियात तो कळतो. तरीही खात्री नसेल तर तुकडा काढून तपासतात, आणि तो चरबीच्या थरापर्यंत खोल घ्यावा लागतो. वरवरचा तुकडा घेतला तर खोलवरचा आजार निसटतो.

प्रकार ठरतो तो चट्टे किती, किती खोल आणि कोणत्या दिशेने गेले यावरून. एकदोन गोल चट्टे असतील तर तो मर्यादित प्रकार. तीन सेंटिमीटरपेक्षा मोठे चार किंवा जास्त चट्टे शरीराच्या निदान दोन भागांवर असले की तो व्यापक. सगळी कातडी हाडापर्यंत आवळणारा प्रकार फार दुर्मीळ, पण सर्वांत वाईट.

लहान मुलांत जास्त दिसतो तो पट्ट्याचा प्रकार, आणि उशीर सर्वांत महाग पडतो तो इथेच. पट्टा हातावरून किंवा पायावरून लांबीने उतरतो. खालची चरबी, स्नायू, कधी हाडही खातो. तो गुडघ्यावरून गेला तर सांधा पूर्ण सरळ होईनासा होतो. वाढत्या वयात तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि बारीक राहू शकतो. कपाळावर आला तर उभी खोबण पडते, वर टाळूवरचे केस जातात. तलवारीचा वार झाल्यासारखी ती रेघ दिसते. अशा मुलाचे डोळे स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, तपासायलाच हवेत, कारण आतली सूज न दुखताही असू शकते. झटके येत असतील किंवा सतत डोके दुखत असेल तर मेंदूचा एमआरआय करतात.

वरवरच्या मर्यादित चट्ट्याला मलम पुरते : तीव्र स्टेरॉइड काही आठवडे, किंवा ०.१ टक्के टॅक्रोलिमस (स्टेरॉइड नसलेले मलम) दिवसातून दोनदा. चट्टे पुष्कळ पण उथळ असतील तर नॅरोबँड यूव्हीबीचा, म्हणजे ठरावीक अतिनील किरणांचा, प्रकाश देतात. तो खोल पोहोचत नाही, त्यामुळे पट्ट्यावर त्यात महिने घालवू नयेत.

पट्ट्याला आणि खोल आजाराला मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारे औषध लागते. मुलांना शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम, पण एकूण फार तर २५ मिलिग्रॅम. मोठ्यांना एकूण १५ ते २५ मिलिग्रॅम. हा डोस आठवड्याचा आहे, रोजचा नाही. चुकून रोज घेतला तर रक्तपेशी कोसळतात आणि जीव जाऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवर वार लिहून घ्या, डबीवरही लिहा : ‘फक्त रविवारी’. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. तोंडात फोड, ताप किंवा अंगावर काळेनिळे डाग आले तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवातीआधी रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्सरे. मग ठरलेल्या अंतराने रक्त तपासत राहायचे. गरोदरपणात हे औषध चालत नाही.

मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. तोवर स्टेरॉइड तोंडाने, किंवा महिन्यातून तीन दिवस शिरेतून, असे तीन महिने देतात. याने भागले नाही तर मायकोफिनोलेट, हेही प्रतिकारशक्ती दाबणारे औषध.

सहाव्या महिन्यात कातडी मऊ होते, घरचे गोळ्या बंद करतात आणि पट्टा पुन्हा पसरू लागतो. असे फार वेळा होते. आजार शांत झाल्यावरही निदान वर्षभर औषध चालू ठेवायचे असते. शांत झाला का, हे कळण्यासाठी चट्ट्यावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून कडा पेनाने गिरवतात आणि पुढच्या भेटीत तेच प्लास्टिक पुन्हा ठेवतात. चट्टा रेघेबाहेर गेला की आजार जागा आहे. सांधा मात्र रोज हलवायचा, पूर्ण वाकवून, पूर्ण सरळ करून, औषध चालू असतानाही.

गेलेली चरबी कुठल्याच गोळीने परत येत नाही. खोबण जुनी असेल आणि आजार शांत झाला असेल तर मेथोट्रेक्सेट देण्यात अर्थ नाही. तिथे रुग्णाच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी काढून भरतात. आजार बराच काळ शांत राहिल्यावरच हे करतात, कारण तो जागा असताना भरलेली चरबीही टिकेल याचा भरवसा नसतो.