नरोटी आणि रिमेक

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अंबाजोगाईकर मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'जुने गाजलेले चित्रपट पुन्हा काढावेत का?' पत्रिका वाटून झाल्यापासून मला जो भेटतो तो उत्तर देऊनच पुढे जातो. "नको हो मॅडम, वाटोळं करतात." लगेच 'शोले'चं नाव घेतात आणि २००७ साली त्याच्या 'आग' या रिमेकमध्ये काय झालं ते सांगतात. मला मात्र 'काढावेत' असंच म्हणायचंय. एका अटीवर. ती अट मला कुठल्या सिनेमाच्या पुस्तकात मिळाली नाही, तुमच्या गावात आणि पैठणला मिळाली. म्हणून आधी तिकडे जाऊ, मग 'मदर इंडिया', 'देवदास', 'सैराट' सगळे घेऊ.

ज्ञानेश्वरी १२९० ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होता होता पाठ बिघडले, ज्याला जे सुचलं ते त्याने आत घुसडलं. पैठणच्या एकनाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि बजावून ठेवलं :

ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

अमृताच्या ताटात करवंटी! नाथ स्वतः केवढे कवी. भागवतावर त्यांच्या हजारो ओव्या आहेत. ज्ञानेश्वरीत चार ओव्या बसवून देणं त्यांना काय अवघड होतं? पण हात लावला नाही.

आणि त्याच काळात इथे, तुमच्या गावात, दासोपंत काय करत होते? त्याच गीतेवर पुन्हा लिहीत होते. 'गीतार्णव'. ज्ञानेश्वरी नऊ हजार ओव्यांची, आणि गीतार्णवाच्या परंपरा सव्वा लाख सांगते. "गीतेवर मराठीत एकदा होऊन गेलंय महाराज, आता कशाला?" असं त्यांना कोणी म्हणालं असेल का? असेलही. अंबाजोगाईत असा माणूस कोणत्याही शतकात सापडेल. हसू नका, पहिल्या रांगेतच दोघं बसलेत.

एकाने जुनं जपलं, दुसऱ्याने स्वतःचं नवं रचलं. दोघांनी आपापलं काम वेगळं ठेवलं. सिनेमात घोळ होतो तो ही दोन कामं एकमेकांत कालवल्यामुळे.

आता माझं दुखणं सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कॉलेजात मुलांना प्रभातचा 'संत तुकाराम' दाखवायचं ठरवलं. १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांचा, व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. मी बाजारातून डिस्क आणली. पडदा उजळला आणि पहिल्याच दृश्यात एका कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह, खाली पळती पट्टी, पट्टीवर फोन नंबर. बरं, तेही सोसलं असतं. पण जुन्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरस असते. ती या लोकांनी आजच्या लांबट टीव्हीत भरावी म्हणून आडवी ताणलेली. कथा सांगते तुकोबांच्या घरात दाणा नाही, लेकरं उपाशी आहेत, आणि पडद्यावर तुकोबांचे गाल भरलेले! मुलं हसायला लागली. त्यांचा काय दोष? विष्णुपंत पागनीसांचा तो चेहरा, ज्याच्यापुढे त्या काळी लोक थिएटरात हात जोडायचे, तो या मुलांनी कधी पाहिलाच नाही. त्यांनी पाहिला तो भलताच कोणी.

आणि मग गाणं आलं, 'आधी बीज एकले'. एक कडवं झालं आणि खट्, पुढचं दृश्य. कापलं! कशासाठी कापलं? डिस्कवर जागा नव्हती की कोणाला घाई होती, देव जाणे. मागच्या बाकावर एक आजी बसल्या होत्या, कॉलेजातल्या एका शिपाईमामांच्या आई. त्या मोठ्याने म्हणाल्या, "कामून थांबलं? म्होरलं कडवं कुठंय?" कोणी उत्तर दिलं नाही, तशा त्या उभ्या राहिल्या आणि पुढचं कडवं म्हणायला लागल्या. लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला चित्रपट, तेव्हापासूनचं पाठ. आम्ही प्रोजेक्टर थांबवला. आजींनी गाणं पूर्ण केलं, खाली बसल्या आणि हाताने खूण केली, चालू द्या आता.

मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. एक अख्खं कडवं केवळ एका म्हाताऱ्या बाईच्या गळ्यात शिल्लक राहावं? ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली, नायट्रेटच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट जळाले. ते आवार म्हणजे पूर्वीचा प्रभात स्टुडिओ. ती तर आग होती. पण जो चित्रपट शिल्लक आहे तो ताणून, कापून, वर फोन नंबर चिकटवून विकायचा, याला काय म्हणायचं? आणि हेच आपण मुलांपुढे ठेवतो आणि विचारतो, जुनं तुम्हाला का आवडत नाही?

या गाण्याचीही एक गंमत आहे. 'आधी बीज एकले' हा तुकोबांचा अभंग नाही. शांताराम आठवले यांनी तो चित्रपटासाठी लिहिला. इतका बेमालूम, की पुष्कळ भजनी मंडळी आजही तो तुकोबांचाच समजतात. मग ही नरोटी नाही का, असं कुलकर्णी सर आत्ता भुवया उंचावून विचारतायत. नाही सर. आठवल्यांनी तो गाथेत घातला नाही, प्रभातच्या चित्रपटात घातला. गाथा होती तशीच राहिली. माझा सगळा मुद्दा हाच आहे.

नरोटी कुठली ते सांगते. २०२५ साली 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ चित्रपटात नायक मरतो. यात कृत्रिम बुद्धिमत्तेकडून शेवट बदलून त्याला जिवंत केलं. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर विरोध केला, तरी झालं. हा रिमेक नाही. रिमेक करणारा निदान स्वतःचं नाव लावून, स्वतःचे नट घेऊन उभा राहतो आणि पडला तर स्वतः पडतो. इथे दुसऱ्याच्या ताटात हात घातला. पुढच्या पिढीला यातला कुठला शेवट मूळचा ते कोणी सांगायचं? पुन्हा एक कडवं, पुन्हा एक आजी शोधायची?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. आणि ज्यासाठी बोलावलं ते सगळं अजून बाकी आहे. भराभर जाते.

'मदर इंडिया', १९५७. मेहबूब खान यांनी स्वतःच्याच 'औरत'चा, १९४० च्या चित्रपटाचा, केलेला रिमेक. सुखीलाला सावकार दोन्हींत कन्हैयालालच. मग बदललं काय? मध्ये देश स्वतंत्र झाला. नव्या चित्रपटाची सुरुवात कालव्याच्या उद्घाटनाने होते, म्हातारी राधा तिथे बसून मागचं सगळं आठवते. मराठवाड्यातल्या माणसाला कालव्यात पाणी सुटण्याचा तो शॉट समजावून सांगावा लागत नाही. मेहबूबकडे सतरा वर्षांनी सांगायला काहीतरी नवं होतं, म्हणून तो पुन्हा काढला.

'देवदास'. १९३५ च्या बरुआंच्या चित्रपटाचे छायाचित्रकार होते बिमल रॉय. वीस वर्षांनी त्यांनीच दिलीपकुमारला घेऊन तो दिग्दर्शित केला. ज्याने कॅमेऱ्यामागून प्रत्येक चौकट पाहिली तोच पुन्हा काढायला धजला, आणि आधीच्या देवदासाची, म्हणजे सैगलची, नक्कल करायला त्याने दिलीपकुमारला सांगितलं नाही. पुढे २००२ साली भन्साळींचा आला, २००९ मध्ये 'देव डी'. 'देव डी' काहींना पटत नाही, मला पटतो. त्यात पारोला पहिल्यांदा स्वतःचा राग मिळाला.

'सैराट' आणि 'धडक'. करमाळा म्हणजे आपल्या परांड्याच्या शिवेलगतचं. २०१६ चा तो चित्रपट त्या मातीतून आणि जातीच्या प्रश्नातून उगवला. २०१८ मध्ये तो उदयपूरला नेला, संगीत पुन्हा अजय-अतुल यांचंच, 'झिंगाट'ही नेलं. जातीचा काटा मात्र बोथट करून टाकला. कथेचा कणा काढला तर गाणी किती वेळ उभं करणार?

'आग'चंही तेच. गब्बरचा बब्बन केला, प्रसंग घेतले, पण हे आता पुन्हा का सांगतोय याचं उत्तर त्या चित्रपटात कुठेच नाही. आणि त्याच 'शोले'चं २०२५ मध्ये काय झालं पाहा. आणीबाणीत सेन्सॉरने बदलायला लावलेला मूळ शेवट, ठाकूर गब्बरला मारतो तो, परत जोडून साफ केलेली प्रत इटलीत बोलोन्याला दाखवली गेली. हे नाथांचं काम!

आणि दासोपंतांचं? २०१२ चा 'तुकाराम'. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, आपल्या औरंगाबादच्या नाट्यचळवळीतला माणूस. पागनीसांची सावली सोडून जितेंद्र जोशीच्या रूपाने त्याने दुष्काळात होरपळलेला, संसारी, माणूस तुकाराम उभा केला. प्रभातच्या चित्रपटातला एक तुकडाही त्याने उचलला नाही. म्हणून दोन्ही राहिले. २०२३ ची 'श्यामची आई' अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटानंतर पुन्हा आली, तीही कृष्णधवल. तिच्याबद्दल स्वतंत्र बोलायला हवं होतं, वेळ नाही.

तर अट. ज्याला जुन्या चित्रपटाचा रिमेक करायचाय, त्याने हक्कांच्या करारातच लिहून द्यावं की मूळ चित्रपट साफ करून, पूर्ण लांबीचा, मूळ चौकटीत, एकही कडवं न कापता, आपला चित्रपट लागण्याआधी लोकांसमोर ठेवीन. खर्च त्याचा. एवढं केलं तर शंभर रिमेक काढा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढून जाईन. आणि अंबाजोगाईकरांनो, तुमच्याकडे हे सभागृह आहे, पडदाही दिसतोय. पुढच्या वर्षी व्याख्यानाऐवजी एका संध्याकाळी १९३६ चा आणि दुसऱ्या संध्याकाळी २०१२ चा लावा. नीट प्रत मिळवायची जबाबदारी मी घेते.