कुंडीतला डोंगर, अंगणातला उंबर

श्रोतेहो, नमस्कार.

व्हिएतनामला जाऊन आल्यापासून मला भेटेल तो विचारतो, हालाँगचा उपसागर पाहिला का? पाहिला. सुंदर आहे. पण आज मी तुम्हाला घेऊन जाणार आहे एका अंगणात. हॅनोईहून सुमारे 90 किलोमीटरवर नाम दिन्ह शहर आहे, त्याच्या शेजारी वी खे नावाचं गाव. घराघरापुढे कुंड्या, कुंड्यांत वळवलेली झाडं. गावची ही परंपरा 800 वर्षांची मानतात.

त्या अंगणात मी थबकले ती एका झाडापाशी. उंची माझ्या कमरेएवढी. खोड जाड, गाठागाठांचं, आणि त्या खोडालाच चिकटून हिरव्या फळांचे घोस. मी वाकून पाहिलं. पान पाहिलं, फळ पाहिलं. अहो, हा तर उंबर! कृष्णाकाठी ज्याच्या सावलीत आपण दत्ताच्या पादुकांवर डोकं ठेवतो, ज्याला कुऱ्हाड लावायला आजही हात धजत नाही, तो उंबर इथे उथळ कुंडीत उभा होता. तिकडे त्याला 'सुंग' म्हणतात. भरभराटीसाठी त्यांच्या भाषेत 'सुंग तुक' असा शब्द आहे, त्याच्याशी हे नाव जुळतं, म्हणून हे झाड दारात हवंच.

घरमालक सत्तरीच्या पुढचे. त्यांची नात कॉलेजात शिकते, ती मध्ये बसून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होती. तिने आधी मला बजावलं, आजोबांना 'बाक' म्हणायचं. बाक म्हणजे आईवडिलांपेक्षा वयाने मोठे काका. व्हिएतनामी भाषेत अनोळखी माणसाशीही नात्याच्या शब्दानेच बोलतात. रिक्षावाल्याला काका आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या आपल्या माणसांना यात नवल वाटणार नाही. नवल मला पुढे वाटलं.

बाक एकेका झाडाची ओळख करून द्यायला लागले. एका मुळातून दोन खोडं, एक थोराड, एक कोवळं: हे वडील आणि मुलगा. पलीकडे मोठ्या खोडाच्या कुशीत झुकलेलं छोटं: ती आई आणि बाळ. तिसरं जवळपास सारख्या उंचीच्या दोन खोडांचं, ते भाऊ. ही नावं घरच्यांनी लाडाने ठेवलेली नव्हेत. या कलेतले ठरलेले आकारच असे आहेत. झाडाच्या उभं राहण्याच्या ढबीला ते 'थे' म्हणतात, आणि हाच शब्द तिथले मल्लविद्येतल्या डावपवित्र्यांसाठीही वापरतात. म्हणून मी त्याला मराठीत 'पवित्रा' म्हणते. झाड पारखायची त्यांची एक म्हणच आहे: पहिला आकार, दुसरा पवित्रा, तिसऱ्या फांद्या, चौथी पानं. आपण प्रवासी नेमके उलटे जातो. आधी पानं पाहतो, फुलं असली तर फोटो काढतो आणि पुढे सरकतो. बाकांनी मला कुंडीसमोर उकिडवं बसायला लावलं, डोळे खोडाच्या बुंध्याशी येतील इतकं खाली. त्या उंचीवरून पाहिलं आणि कमरेएवढं झाड एकदम वडाएवढं झालं. तुम्ही कधी गेलात तर एवढं नक्की करा. गुडघे दुखले तरी खाली बसा.

बोन्साय हा शब्द जपानी. तो तिथेही चालतो, पण घरचा शब्द उत्तरेत 'कै कान्ह' आणि दक्षिणेत 'कै किएंग'. एकाच गोष्टीला दोन नावं का? तर सम्राट जा लाँगच्या थोरल्या राजपुत्राचं नाव कान्ह. राजघराण्यातल्या माणसाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, म्हणून दक्षिणेने शब्दच थोडा वळवला. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या आपल्या आज्या आठवल्या मला.

पण माझ्या मते झाडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे 'हॉन नॉन बो'. एक उथळ हौद किंवा परात डोळ्यांसमोर आणा. त्यात पाणी. पाण्यातून वर आलेला सच्छिद्र दगडाचा डोंगर. दगड खालचं पाणी शोषतो, म्हणून त्याच्या भेगांत शेवाळ धरतं, आणि त्याच भेगांत बोटभर झाडं मुळं रोवून उभी असतात. कुठे चिनीमातीचा कोळी गळ टाकून बसलेला, कुठे दोन म्हातारे पटावर वाकलेले. जुन्या बखरीत नोंद आहे की 985 साली ले दाइ हान्ह या राजाच्या वाढदिवसाला नदीत होडीवर बांबूचा डोंगर उभारला होता आणि त्याला नाव दिलं होतं नाम सॉन, दक्षिणेचा डोंगर. हुए या जुन्या राजधानीत पारंपरिक घरांच्या वाड्या आहेत. तिथे फाटकातून आत गेलं की समोर सरळ घर दिसत नाही. आधी एक आडोशाची भिंत लागते, तिच्यामागे पाण्याचा हौद, हौदात असा डोंगर, आणि मग घर. वाईट ते भिंतीशी थांबावं आणि पाण्याने शुभ ते घराकडे आणावं, अशी त्यामागची समजूत.

नातीने मला इथे एक शब्द समजावला. 'नुऑक' म्हणजे पाणी. आणि 'नुऑक' म्हणजे देशसुद्धा. 'नॉन' म्हणजे डोंगर. 'नुऑक नॉन', पाणी आणि डोंगर, एवढं म्हटलं की त्यांच्या मनात उभा राहतो तो आपला मुलूख. हे कळल्यावर त्या हौदाकडे मला पुन्हा बघावंसं वाटलं. गेल्या शतकात या लोकांनी किती युद्धं सोसली, किती जणांना घरंदारं सोडून परागंदा व्हावं लागलं, हे आपल्याला माहीत आहे. अशा माणसाच्या अंगणात दोन हातांच्या हौदात डोंगर आणि पाणी सांभाळलेलं असतं, त्याला शोभेची वस्तू म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

जायचं कधी? तेत म्हणजे त्यांचं नवं वर्ष. ते जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीतरी येतं. त्याआधीचे दोन-तीन आठवडे गाठा. हॅनोईत लाल नदीच्या काठी तू लिएन हा भाग कमक्वाटसाठी प्रसिद्ध आहे. कमक्वाट म्हणजे लिंबाहून लहान, केशरी, संत्र्याच्या कुळातलं फळ. एकाच झाडावर पिकलं फळ, हिरवं फळ, फूल आणि कोवळी पालवी हे चारही तेतच्या दिवशी हवं असतं, आणि बागवान वर्षभर राबतो ते या एका आठवड्यासाठी. बरेच लोक झाड विकत घेत नाहीत, सणापुरतं भाड्याने नेतात आणि नंतर बागेत परत आणून सोडतात. सप्टेंबर 2024 मध्ये यागी वादळाचा पूर या बागांत शिरला. मुळं दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली आणि तेतसाठी तयार होत आलेली हजारो झाडं जागच्या जागी सुकली. द्राक्षं नाहीतर कांदा पावसात गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

दक्षिणेत मान 'माई' नावाच्या झाडाच्या पिवळ्या फुलांचा. तिथे तेतच्या दोनेक आठवडे आधी झाडाचं एकूण एक पान हाताने खुडतात. पान पुढे ओढायचं नाही, उलट दिशेला मागे खेचायचं, म्हणजे देठाशी झोपलेल्या कळीला धक्का लागत नाही. थंडी जास्त असेल तर खुडणी आधी, ऊन असेल तर उशिरा. दिवस चुकला तर फुलं सणाआधी उमलून गळतात, नाहीतर सण गेल्यावर येतात. मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशात सा देक गावी कुंड्या पाण्यावर उभारलेल्या मांडवांवर असतात आणि पाणी चढलं की बागवान होडीतून मशागत करतात. तेही पाहण्यासारखं आहे.

झाड विकत घेऊन आणायचा मोह मात्र आवरा. परवान्याशिवाय आणि रोगमुक्ततेच्या दाखल्याशिवाय जिवंत रोप भारतात आणता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

वी खेच्या अंगणात चहा झाला. बाक म्हणाले, दक्षिणेत तेतच्या ताटात पाच फळं मांडतात: सीताफळाच्या जातीचं एक, नारळ, पपई, आंबा आणि उंबर. त्यांची नावं तिकडच्या उच्चारात ओळीने म्हटली की प्रार्थना होते: भरभराट होवो, खर्चापुरतं मिळो. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे या झाडाला काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी हळूच फिरवली, झाडाचं तोंड माझ्याकडे केलं आणि झाडाकडे बघत म्हणाले, "उम-बा." नात हसली, म्हणाली, पुन्हा म्हणा. ते पुन्हा म्हणाले, "उम-बा." शेवटचा 'र' काही त्यांच्या जिभेवर येईना.